वाळुंजाचा मांडव

आमच्या अंगणात येणारा पाहुणा बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतो, "हा मांडव कशावर उभा आहे?" नाशिककरांना मांडव नवा नाही. लोखंडी अँगल आणि तारा यांवर पसरलेले द्राक्षवेल ते जन्मापासून पाहतात. आमच्या मांडवाला मात्र खांब नाहीत की तारा नाहीत. वाळुंजाची सोळा झाडे वर्तुळात उभी आहेत आणि त्यांच्याच फांद्या एकमेकींत गुंफून वर छत झाले आहे.

कल्पना परदेशातली. काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये मुलाकडे गेले असता नातीच्या शाळेच्या आवारात विलोच्या झाडांची अशी एक जिवंत झोपडी पाहिली. तिकडे नोव्हेंबर ते मार्च या काळात, झाडे निष्पर्ण असताना, लांब सरळ छड्या कापून ओल्या जमिनीत खोवतात. वसंतात त्यांना मुळे फुटतात, पालवी येते. जर्मनीतील आउअरश्टेट या गावी तर १९९८ साली अशा छड्यांचा एक मोठा मंडपच उभारला गेला. आपल्या मेघालयातील खासी आणि जैंतिया डोंगरांत रबराच्या वडाची मुळे वळवून ओढ्यांवर पूल करतात, ते काम त्याहून जुने आणि त्याहून अवघड.

विलो म्हटले की आपल्याला काश्मीर आणि क्रिकेटची बॅट आठवते. परंतु त्याचाच भाऊबंद वाळुंज आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांकाठी राहतो. वनस्पतिशास्त्रात त्याला सॅलिक्स टेट्रास्पर्मा म्हणतात. इगतपुरीकडच्या एका परिचिताच्या शेतातून अंगठ्याएवढ्या जाडीच्या चोवीस काठ्या आणल्या. प्रत्येक काठी दीड फूट जमिनीत गाडली. विहीर आणि सांडपाण्याचा पाइप यांपासून दूर जागा निवडली, कारण या झाडाची मुळे पाण्याचा माग काढीत कोठेही शिरतात. एप्रिल-मेच्या उन्हात सात काठ्या वाळल्या. सतरा जगल्या.

दुसऱ्या पावसाळ्यात फांद्या वाकवून नायलॉनच्या दोरीने बांधीत असता माझे सासरे ओट्यावरून पाहत होते. घरात सारे त्यांना अण्णा म्हणत. ते म्हणाले, "सूनबाई, तू पाठशाळेत मुलांना अहिंसाणुव्रताचे अतिचार शिकवतेस. पहिला कोणता?"

"बंध," मी म्हणाले. पुढचे त्यांनी विचारले नाहीत, तरी मनात आलेच: वध, छविच्छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध.

"पण अण्णा, ते त्रस जीवांविषयी सांगितले आहे. झाड एकेंद्रिय. स्थावर जीवांची हिंसा गृहस्थाला सर्वथा टाळता येत नाही."

"टाळता येत नाही ते वेगळे, हौस वेगळी. निष्प्रयोजन हिंसेला अनर्थदंड म्हणतात." थोडे थांबून म्हणाले, "तीर्थंकरांना केवलज्ञान झाले ते झाडाखाली. झाडाला कोणी वाकवून ठेवले नव्हते."

त्यांनी मनाई केली नाही. केली असती तर मला सोपे गेले असते. मी बांधणे चालू ठेवले, परंतु ते ओट्यावर नसतील अशी वेळ पाहून.

तिसऱ्या वर्षी, संवत्सरीनंतर चारच दिवसांनी, एका झाडाचा शेंडा पिवळा पडलेला दिसला. जवळ जाऊन पाहिले. नायलॉनची दोरी सालीत पूर्ण रुतली होती. तिच्यावर खोड फुगले होते, खाली बारीकच राहिले होते. पानांत तयार झालेले अन्न आतल्या सालीतून मुळांकडे जाते. तो मार्गच मी आवळून टाकला होता. खोड दर वर्षी जाड होते, दोरी होत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. 'अन्नपाननिरोध' हा शब्द मी मुलांना फोडून समजावीत असे. त्या दिवशी तो शब्द माझ्या हातात होता. चार दिवसांपूर्वी मी हात जोडून सर्व जीवांची क्षमा मागितली होती.

ते झाड वाचले नाही. सतराची सोळा झाली.

अण्णा काही बोलले नाहीत. दुपारी त्यांनी आपले एक जुने धोतर काढले आणि दोन-दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या फाडून माझ्यापुढे ठेवल्या. "सैल बांध. आणि वर्षातून दोनदा सोडून पाहा," इतकेच म्हणाले. चातुर्मासात हिरवे कापायचे नाही हा त्यांचा नियम होता. तोच आम्ही मांडवाला लावला. पावसाळ्यात कोवळे फुटवे हातानेच वळतात, सुरी लागत नाही. कापणे काय असेल ते कार्तिकी पौर्णिमेनंतर, थंडीत पाने झडल्यावर. पुढे कळले की जाणते बागवानही छाटणीला हीच वेळ बरी मानतात. यात माझे शहाणपण काही नाही.

मांडव पुरता झाला तेव्हा अण्णा ऐंशीच्या पुढे गेले होते. दुपारी खुर्ची टाकून ते खाली बसत, वर्तमानपत्र वाचत. हिवाळ्यात नव्या पालवीबरोबर पिवळसर तुरे आले की मधमाश्यांचा आवाज ऐकत. सामायिकाला मात्र ते नेहमी घरातच बसले. मी एकदा विचारले तेव्हा हसले आणि पान उलटले. त्यांच्या अनर्थदंडाच्या प्रश्नाला माझ्याजवळ आजही उत्तर नाही. नातवंडे मांडवात खेळतात, बुलबुल घरटे करतात, हे सारे मी मनातल्या मनात त्यांना सांगत असते. पण ते उत्तर नव्हे, हे मलाही कळते.

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. पट्ट्या मी अजून वर्षातून दोनदा सोडते. जेथे दोन फांद्या फार काळ एकमेकींना घासत दाबून राहतात, तेथे त्यांची साल एकजीव होते आणि बांधण्याची गरजच उरत नाही. अशा नऊ जागा आता झाल्या आहेत. पूर्वेकडच्या दाराच्या वरच्या जोडात मात्र धोतराच्या काठाचा एक तुकडा राहून गेला. हात पोहोचत नव्हता म्हणून तो वेळेवर निघाला नाही, आणि फांद्यांनी त्याला आत घेतले. खालून पाहिले तर काठाची लाल रेघ दिसते. यंदा शिडी लावून वर गेले होते. तुकडा काढायचा तर साल कापावी लागली असती. तशीच खाली उतरले.