दोन तलवारींचा हिशोब

मूळ गाव कमलनगर, जिल्हा बीदर. छत्तीस वर्षं बँकेत काढली, आता मुक्काम लातूरला. गेल्या दिवाळीची गोष्ट सांगतो.

नातवंडं आली होती. ती ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतात. १९७४ साली अमेरिकेत निघालेला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातले वीर होतात, आणि वार लागला का, किती लागला, हे फासे ठरवतात. मोठी नात गोष्ट सांगणारी, म्हणजे पंचही तीच. मुलीच्या मुलानं बाजीप्रभूंच्या चित्रात असतो तसा दोन्ही हातांत तलवारी घेतलेला वीर केला. मुलाच्या मुलाकडं दोन्ही हातांनी पेलायची एकच मोठी तलवार.

सुरुवातीला बरं चाललं. वीर पाचव्या पातळीवर गेले आणि दोन तलवारवाला मागं पडायला लागला. चिडून उठून गेला. दुसरा म्हणाला, “नियम तर दोघांना सारखाच आहे!” दोघांचं बोलणं बंद.

नात वही घेऊन माझ्याकडं आली. “आजोबा, तुम्ही बँकेतले. बघा ना कुठं चुकतंय.”

चष्मा लावून बसलो. सहा बाजूंच्या फाशाची सरासरी साडेतीन. मोठ्या तलवारीला दोन फासे, म्हणजे सात, वर ताकदीचे तीन. झाले दहा. लहान तलवारीला एक फासा. उजव्या हाताचे साडेतीन अधिक तीन, साडेसहा. डाव्या हाताला २०१४ च्या नियमात ताकदीचे तीन मिळत नाहीत, नुसते साडेतीन. बेरीज दहा! बाकीच्या सवलती सोडल्या, तर पै न पै जुळत होती.

पण पाचव्या पातळीवर दोघांनाही एक जादा वार मिळतो. मोठ्या तलवारीचे दहा दुणे वीस. दोन तलवारवाल्याचे उजव्या हाताचे दोन वार, तेरा. डाव्याचा तोच एक, साडेतीन. साडेसोळाच.

नात म्हणाली, “मग डाव्या हातालाही पहिल्यापासून तीन देऊन टाकू.” तसं केलं तर पहिल्या पातळीवर त्याचे तेरा होतात अन् दुसऱ्याचे दहाच. तोही अन्यायच. म्हणून मी सुचवलं, ते तीन पाचव्या पातळीपासून द्या. साडेसहा त्रिक साडेएकोणीस. विसाला अर्धाच कमी. अर्ध्यासाठी कोण भांडतो?

संध्याकाळी दोघं परत खेळायला बसले. मला मात्र रात्री झोप येईना.

१९८४ साली वडलांमागं आम्हा भावांची वाटणी झाली. बारा एकर, सहा-सहा. त्या दिवशी ती बरोबरच होती. मी नोकरीत, बदल्यांवर. धाकटा गावात, शेतीत. पुढं माझ्या तुकड्याजवळून रस्ता मोठा झाला, भाव वाढला. मी दोन एकर विकून लातूरचं घर बांधलं. भाऊ एकदाच म्हणाला, “दादा, हे बरोबर झालं नाही.” मी वाटणीपत्र काढून दाखवलं. “सही तुझीच आहे ना? कागद तर दोघांना सारखाच आहे.” त्यानंतर नऊ वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

कागद खोटा नव्हता. पण तो पहिल्या पातळीचा हिशोब होता. तीस वर्षांनी तो पुन्हा मांडायला हवा होता, तो मी मांडला नाही. जन्मभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले, घरचा मात्र तसाच राहिला.

सकाळी फोन लावला. म्हणालो, “विकलेल्या जमिनीतलं तुझं काहीतरी माझ्याकडं राहिलंय. बसून हिशोब करू.”

बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, “हिशोबाचं बघू. तू कवा येलालास?”

पुढच्याच आठवड्यात कमलनगर स्टेशनवर उतरलो. तो न्यायला आला होता. हिशोब अजून पूर्ण झालेला नाही, पण वही उघडली आहे.