करकर

न्यू जर्सीतल्या आमच्या जुन्या घरात बाथरूमच्या दाराशी जमीन करकरायची. इथली घरं लाकडी. खाली सोळा-सोळा इंचांवर आडव्या तुळया, त्यांवर प्लायवूड, त्यावर टाइल नाहीतर व्हिनाइल. थंडीत हीटर सुरू झाला की लाकूड आकसतं, खिळा सैल पडतो आणि पाय पडला की प्लायवूड त्या खिळ्याला घासत खालीवर होतं. तोच आवाज.

आई आल्यापासून तो मी मुद्दाम तसाच ठेवला होता. वय ७९, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रात्री उठली तर कळावं म्हणून. सुरुवातीला करकर ऐकली की मी जागा व्हायचो, फ्लशचा आवाज येईपर्यंत पडून राहायचो. हल्ली ती रात्री उठतच नाही, असं बायकोला समाधानानं सांगितलंही होतं.

नव्या टाइल बसवायच्या ठरल्या तेव्हा इलाज नव्हता. हलत्या जमिनीवर टाइल टिकत नाही. आधी सांध्यातलं ग्राउट भेगाळतं, मग टाइलच तडकते. शनिवारी व्हिनाइल उपटलं. कमोडच्या कडेचं प्लायवूड काळं पडून भुसभुशीत झालेलं. तेवढा चौकोन कापला, तुळईला बाजूनं लाकडी पट्ट्या जोडून नवा तुकडा टेकवला. दाराशी जुन्या खिळ्यांच्या रांगेवरून तुळई सापडली; तिच्यात दर सहा इंचांवर अडीच इंची स्क्रू पिळले. (नुसता खिळा ठोकून भागत नाही. आई यायच्या आधी मी ते करून बसलो होतो.)

आई दाराबाहेर खुर्ची टाकून बघत होती. शहाबादी फरशीवर जन्म गेलेला. जमिनीला स्क्रू मारतात याचंच तिला नवल.

"चालून दाखव बघू."

चाललो. आवाज नाही.

"बरं झालं. आता ढांग टाकायला नको."

"कसली ढांग?"

"वाजायचं ना तिथे. तुला पहाटे उठून जायचं असतं. मी आपली बेसिन धरून पलीकडे पाय टाकायचे."

"अंधारात?"

"दिवा लावला तर तू उठशील."

"आणि फ्लश?"

"मगानं हळूच पाणी ओतायचं. त्यात काय?"

टेप हातातच होता. तेवढा भाग मोजला. बावीस इंच.

टाइलचं काम आठवडाभर थांबवलं. आधी दाराजवळच्या भिंतीत, आतल्या लाकडाला पकडून, धरायला स्टीलचा दांडा बसवला.

"आता कशाला हा?" आई म्हणाली. "आता तर वाजत नाही."