तापलेला ट्रक, सैल पंखा

आमच्या दारात ट्रक उभा असतो. हिवाळ्यात ऊस, मध्ये कापूस, उन्हाळ्यात मिळेल तो माल. बँकेचा हप्ता त्याच्यावर, मुलीच्या वसतिगृहाची फीही त्याच्यावरच. त्यामुळे इंजिन तापलं, की घरात सगळ्यांचाच जीव खालीवर!

वैशाखात पोखर्णीला नृसिंह जयंतीची गर्दी होती. गंगाखेडच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, आणि आमच्या ट्रकचा काटा लाल रेघेवर गेला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने फर्मान काढलं, "हेड उतरवावं लागेल." म्हणजे दोन हप्त्यांचे पैसे आणि आठवडाभर गाडी उभी!

ट्रकच्या खर्चाची वही माझ्याकडे असते. वही लिहिताना कान उघडे ठेवले की बरंच कळतं, भगिनींनो. मी यांना विचारलं, "अहो, मोकळ्या रस्त्याला लागल्यावर काटा उतरत होता का?"

"उतरत होता की."

मग हेडवर एवढी घाई कशाला? धावत्या गाडीला समोरून वारा मिळतो. गर्दीत सगळी भिस्त पंख्यावर. बशीतला चहा फुंकल्याशिवाय लवकर निवतो का? गाडी संथ चालताना तापते नि धावताना निवते, तर आधी पंखा बघावा. उलट भरल्या गाडीने धावतानाच तापत असेल, तर जाळी तुंबली, थर्मोस्टॅट अडकला किंवा पाण्याचा पंप दमला, असं समजावं. हेड गॅस्केट गेलं तर बहुधा पाण्यात बुडबुडे येतात, ऑइल दुधी होतं. आमचं ऑइल काळंच होतं.

इंजिन बंद करून, किल्ली काढून यांनी पंखा हाताने फिरवला. आमच्या पंख्याच्या मधल्या डब्यात सिलिकॉनचं तेल असतं. तापलं की ते पंख्याला घट्ट धरतं. गरम असताना पंखा हाताला जड लागायला हवा. आमचा भिंगरीसारखा फिरला! डब्याभोवती तेलकट धूळही बसलेली. तेल कधीच गळून गेलं होतं. पट्टा मात्र ठीक होता. अंगठ्याने दाबला तर जेमतेम अर्धा इंच दबला. डबा बदलला, दुपारी गाडी माल भरायला गेली. मेकॅनिक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, ते सोडा.

एक मात्र घरच्या पुरुषांना बजावून सांगा : तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो, कुकरसारखाच. वाफ सरळ तोंडावर येते.

आणि बोअरचं पाणी नको. पाणी तापवायच्या हीटरवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. आम्ही कूलंटच घालतो. बाहेरून जाळीत कापसाचे तंतू नि उसाचं पाचट अडकतं. ती गार झाल्यावर इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुवायची. कापसाच्या दिवसांत दर रविवारी हे काम असतं. पाइप मीच धरते. यांची धार फार जोरात असते, पत्रे वाकतात.