अंगावरचे आणि आठवणीतले

आपल्याकडे माणसाचे बरे चालले आहे की नाही, हे त्याच्या अंगावरून ओळखण्याची रीत जुनी आहे. इकडे पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेल्या घरांतून नवा जावई पहिल्या वर्षात ‘भरला’ नाही, तर सासुरवाडीच्या तुपालाच दोष येई. म्हातारपणी मात्र हिशेब उलटा होतो. साठीनंतर कुणी बारीक झाले की ‘वा, तब्येत राखली’ म्हणून पाठ थोपटली जाते. या दोन्ही समजुतींविषयी आम्हांस अलीकडे शंका वाटू लागली आहे, आणि तिचे कारण घरातलेच आहे.

आमच्या थोरल्या आत्याबाई पांढुर्ण्यास दिलेल्या. देहाने चांगल्या स्थूल. सत्तरीच्या आसपास त्या आपोआप उतरू लागल्या. हातातल्या पाटल्या कोपराकडे सरकू लागल्या. गुडघ्यांवरचा भार हलका झाला म्हणून घरात समाधानच होते. पुढे पाच-सहा वर्षांनी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सारे गाव गोटमारीसाठी जाम नदीकडे लोटले असता त्यांनी विचारले, ‘‘आज एवढी गर्दी कशाची रे बाबा?’’ ज्या बाईने पन्नास वर्षे त्या दिवशी मुलांना कडी लावून घरात कोंडले, तिचा हा प्रश्न ऐकून कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याला फार सोयीची आहे. तिच्यापुढे चौकशीच थांबते.

वजनाचा आणि विस्मृतीचा काही संबंध आहे, हे संशोधक बऱ्याच काळापासून सांगत आले. तो कोणत्या दिशेने, यावर एकमत नव्हते. २०१५ साली ब्रिटनमधील सुमारे वीस लाख लोकांच्या नोंदींवरून असे दिसले, की कृश माणसांतच स्मृतिभ्रंश अधिक आणि स्थूलांत कमी. स्थूल मंडळींना केवढा दिलासा! पण २०१८ साली अर्चना सिंग-मानू व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दहा हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांची अठ्ठावीस वर्षांची नोंद तपासली. पन्नाशीत स्थूल असणाऱ्यांना पुढे धोका अधिक. साठी-सत्तरीतील स्थूलतेशी तसा संबंध आढळला नाही. आणि ज्यांना हा विकार जडला, त्यांचे वजन निदानाच्या सुमारे आठ वर्षे आधीपासूनच घसरू लागले होते. म्हणजे म्हातारपणचे कृशत्व हे कित्येकदा रोगाचे कारण नसून त्याची चाहूल असते. वाद पुरता मिटलेला नाही. पण आत्याबाईंच्या पाटल्या आठवल्या की आम्हांस हेच उत्तर पटते.

कुणी म्हणेल, आम्ही तर मुळातच सडपातळ. त्यांनी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे छायाचित्र पाहावे. २००४ साली ‘लॅन्सेट’ने ते व त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांना शेजारी शेजारी छापले. दोघांचा देहभार-निर्देशांक २२.३, पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! सौंसरच्या संत्रा-बागायतदारास हे समजावून सांगावे लागू नये. फोपसे फळ बाहेरून भरदारच दिसते; ते हातात घेऊन जोखावे लागते. पोटाच्या आत साठणारी ही चरबी स्वस्थ पडून राहत नाही. ती शरीरात मंद दाह पेटता ठेवते, इन्सुलिनचे काम अडवते, मधुमेह व रक्तदाबास हात देते, आणि त्यांचा मार मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांवर बसतो. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा टेपच खरी: पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर, स्त्रियांचा ८०, यापुढे सावध. अर्थात हे पन्नाशीच्या अलीकडच्यांनी ऐकायचे.

आपल्या देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांस स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांत आणि खेड्यांत प्रमाण अधिक. त्याच वर्षी आपला पांढुर्णा जिल्हाही झाला, पण मुले पुण्या-बंगळुरास गेली ती गेलीच. फोनवर आवाज ऐकू येतो. सैल झालेले पोलके दिसत नाही.

आमच्या ओसरीवर आता वजनकाटा आहे. आळीतील चार-सहा वृद्ध दर एकादशीस त्यावर उभे राहतात आणि आकडा पंचांगाच्या समासात टिपतात; निमित्त बहुधा चहाचेच असते. गेल्या आषाढीपासून एका गृहस्थांचा आकडा चार किलोंनी उतरला आहे. पथ्य नाही, चालणे वाढलेले नाही. आम्ही त्यांच्या मुलास पुण्याला फोन केला. पुढच्या आठवड्यात तो त्यांना नागपूरला दाखवायला नेणार आहे.