गाडीच्या पोटाखाली

रंग मारलेली जुनी गाडी सगळ्यांना आवडते. लोक बॉनेटवर हात फिरवतात, क्रोमच्या बंपरमध्ये स्वतःचं तोंड बघतात, 'काय मेन्टेन केलीय!' म्हणतात. खाली वाकून बघणारा मात्र हजारात एखादा. सध्या तो एखादा मी आहे, तेव्हा आज जरा पोटाखालच्या गोष्टी. घरच्यांनी 'झालं याचं सुरू' म्हणू नये, कारण गाडी आपल्या सांगलीच्या काकांची आहे. १९८४ सालची, नंबर लावून मिळवलेली पद्मिनी.

नव्या मंडळींसाठी थोडा इतिहास. सांगलीच्या विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनायची आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. तर ही पद्मिनी आपल्या सांगलीचीच लांबची नातेवाईक, असं काका म्हणतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. काकांच्या गावभागातल्या घराबरोबर गाडीही बुडाली. पाणी ओसरल्यावर दोघांनाही धुतलं. भिंतींना घाईने रंग दिला, तो चार महिन्यांत पोपडे धरून गळला. गाडी वरून चकाचक दिसायची, म्हणून ती तशीच राहिली. मग लॉकडाउन आला, आणि काका तिचं नाव काढेनासे झाले. 'भंगारात किती येतील?' एवढंच एकदा विचारलं त्यांनी. कारखान्यात चाळीस वर्षं हिशेब सांभाळलेला माणूस, पण तो आकडा ऐकायला थांबला नाही!

२०२४ च्या मार्चमध्ये गाडी ट्रकवर चढवून साताऱ्याला आणली. महाबळेश्वराचं पाणी वाई-कऱ्हाड करत सांगलीला जातं. गाडी उलट्या वाटेने वर आली. उन्हाळाच निवडला, कारण या कामाला कोरडी हवा लागते.

मिस्त्रींनी गाडी उचलून घोड्यांवर ठेवली आणि खालच्या काळ्या थरावर स्क्रू ड्रायव्हर दाबला. तो सरळ आत गेला.

"काका, ह्यो पत्रा न्हाय, निस्तं डांबर हाय," मिस्त्री म्हणाले.

काकांना ते लागलं. दर मे महिन्यात ते हौसेने डांबरी कोटिंग करून घेत, वर जळकं ऑइल. डांबर वाईट नाही हो, पण ते म्हातारं झालं की कडक होतं, तडकतं, आणि त्या चिरेतून शिरलेलं पाणी त्याच्याच आडोशाला बसून राहतं. लोखंड, पाणी आणि हवा एवढंच गंजाला पुरे. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणून थर फुगतो आणि पापुद्रे सुटतात. ऑइलने रबरी बुश फुगतात ते वेगळंच. त्यात पुराचा गाळ! दारांखालच्या पोकळ पेट्यांत तो इतका बारीक बसला होता की पाच वर्षांनीही आतून ओलसर.

इथे खरी भीती होती. जीपला खाली वेगळी चासी असते. फियाटला नसते, तिचा तळ आणि त्या पेट्या हाच तिचा सांगाडा. तिथला पत्रा गेला म्हणजे सौंदर्य नाही, गाडीच गेली. म्हणून कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप टाचून घेतले, नाहीतर गाडी मधोमध वाकते.

पुढचं काम धीराचं. सगळं डांबर खरवडलं, वायर ब्रशने पत्रा पांढरा होईपर्यंत घासला. सडलेलं कापून नवा पत्रा वेल्ड केला. नुसता डाग धरलेल्या जागी फॉस्फोरिक अॅसिडवालं गंजरोधक लावून, पुसून, पूर्ण वाळू दिलं. पापुद्रे सुटलेल्या जागी ते उपयोगाचं नाही. मग एपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, आणि शेवटी लवचीक रबरी कोटिंग. सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकच्या नळ्या आणि हँडब्रेकची केबल झाकून ठेवली. पोकळ पेट्यांत लांब नळीने मेण फवारलं.

आणि मिस्त्रींनी सगळ्यात जास्त वेळ कशाला दिला असेल? पेट्यांच्या तळाला कंपनीने ठेवलेली भोकं मोकळी करायला! कोटिंग करताना त्यांत कागदाचे बोळे घातले, नंतर एकेक उपसला. पूर्वीच्या डांबराने त्यातली निम्मी बुजली होती.

"पाणी येणारच की," ते म्हणाले, "त्याला जायला वाट ठिवायची."

काका त्या दिवशी स्टूल ओढून गाडीजवळ बसले होते. बराच वेळ गप्प. मग पहिल्यांदाच पुराबद्दल बोलायला लागले. माळ्यावर काढलेली रात्र, बोटीची वाट, काकूच्या लग्नातल्या साड्यांची पेटी, जी वर घ्यायची राहिली. पाच वर्षं आम्ही सगळे 'आता झालं गेलं' म्हणत होतो. मी काहीच बोललो नाही. मिस्त्रींनी ग्राइंडर बंद केला आणि चहा सांगितला.

खर्च? गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. काकू म्हणाली, "जे कुणाला दिसणार नाही, त्यावर एवढे पैसे?" तिला उत्तर द्यायच्या भानगडीत मी पडलो नाही. जूनच्या पहिल्या पावसात तिला पुढच्या सीटवर बसवून काका मिरजेपर्यंत जाऊन आले, तेच उत्तर.

पावसाळा संपल्यावर काकांनी गाडी खडीवर उभी करून स्वतः खाली वाकून बघितलं. उदबत्तीच्या काडीने एकेक भोक तपासलं. एकात चिखल होता, तो काढला. कोटिंगला एका ठिकाणी दगड लागून चरा गेला होता. तेवढाच भाग घासून, प्रायमर लावून पुन्हा झाकला.

असो. तुमच्या दारात एखादी जुनी फियाट, अँबॅसिडर असेल, तर वरचा रंग राहू द्या. आधी पोटाखाली काय आहे ते बघा, आणि सोबत एक उदबत्तीची काडी ठेवा.