सुट्टे नाहीत

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात मी मेहताजी म्हणून कामाला होतो. शेठचं घराणं मूळ मोरवीचं, पेढी मशीद बंदरची. बाजार इकडे हलला तेव्हा जुन्या चोपड्यांची पेटीही आली. पेटीला वाळवी लागली म्हणून ती उपसली, तर एका चोपडीत पुठ्ठ्याचा बोटभर तुकडा निघाला: मोरवी संस्थानाचं कॅश कूपन. शेठ म्हणाले, "ठेवा तुम्हीच. आता याचं काय येणार?" तेव्हापासून हा नाद लागला.

दुसऱ्या महायुद्धात धातू लढाईकडे वळला आणि लोकांनी चिल्लर घरात दडवली. सरकारने १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, रुपयाची नोट काढली. १९४३ पासून भोकाचा पैसा आला, वजनाला आधीच्या पैशाच्या निम्माही नाही. तरी बाजारात मोड मिळेना. मग जुनागढ, मोरवी, राजकोट अशा संस्थानांनी पुठ्ठ्याची कूपनं चालवली. निदान त्यांच्यामागे दरबार होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तर दुकानदारांनीच सेंटएवढी तांब्याची टोकनं पाडली, १८६४ मध्ये कायद्याने ती बंद होईपर्यंत. न्यूयॉर्कचा लिंडनम्युलर नावाचा बिअरवाला त्यात गाजला. ट्राम कंपनीने त्याची साठलेली टोकनं देऊन पैसे मागितले, तर त्याने चक्क हात वर केले म्हणतात.

फोर्टातले नाणेवाले कोऱ्या कूपनाला जास्त भाव सांगतात. मला मळलेलं, कोपरे झिजलेलं हवं असतं. कोरं राहिलं म्हणजे ते कुणी घेतलंच नाही, अशी शंका येते. (पुठ्ठ्याची नक्कल करणं सोपं, हेही आहेच.)

माझ्या वहीत प्लास्टिकच्या चकत्याही आहेत. मार्केटात मोडीची टंचाई झाली तेव्हा आमच्या गाळ्याखालचा चहावाला पाच रुपयांऐवजी त्या द्यायचा. इतर दुकानदार चॉकलेट हातावर ठेवत. त्या चॉकलेटने उलट चहा मिळत नसे, चकतीने मिळे. संग्राहक मित्र हसतात, युद्ध कुठलं, विचारतात. हसोत बापडे.

चहावाल्याने धंदा आवरला तेव्हा तो गाळ्यागाळ्यावर फिरून चकत्या गोळा करत होता. मी माझ्या तीन देईना.

"अहो, माझा हिशेब जुळत नाही."

"जमा झाल्या असं धरा."

"मग पैसे घ्या," म्हणत त्याने पंधरा रुपये गल्ल्यावर ठेवले आणि पुढच्या गाळ्याकडे वळला.