सव्वातीनशे की चारशे?

"आयसी गेली असन भाऊ, बदलूनच टाका," म्हणत चिखलीजवळच्या एका शेतकऱ्याने खळ्यावरचा एलईडी फ्लडलाइट माझ्या टेबलावर ठेवला. सोयाबीनची काढणी सुरू होती, रात्री उजेड हवा होता. लाइट मात्र मधूनच लुकलुकायचा आणि विझायचा. असा बोर्ड मेलेला नसतो, सुरू होता होता अडतो. तो नेमका कुठे अडतो, ते शोधण्यात माझा जीव रमतो.

या लाइटच्या ड्रायव्हरमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारा बूस्ट कन्व्हर्टर होता. तो चालू असला की मोठ्या कपॅसिटरवर साधारण ४०० व्होल्ट डीसी उभे राहतात. आधी लाइन मोजली: २३०. मग कपॅसिटर: सव्वातीनशे. २३० ला १.४१४ ने गुणलं की ३२५च येतात. म्हणजे फ्यूज आणि ब्रिज शाबूत होते, बूस्ट तेवढा होत नव्हता.

आत एल६५६२ आयसी होती. तिच्या आठव्या पायाला काट्याचं मीटर लावलं. काटा सावकाश साडेबारापर्यंत चढायचा, झपकन साडेनऊच्या खाली यायचा, पुन्हा चढायचा. सगळं दुखणं त्या काट्यात दिसत होतं. लाइनकडून मोठ्या रेझिस्टन्समधून येणारा इवलासा करंट आयसीजवळचा छोटा कपॅसिटर भरतो. साडेबाराच्या आसपास आयसी जागी होते. पुढे कॉइलवरच्या जादा वाइंडिंगमधून सप्लाय मिळेपर्यंत त्या कपॅसिटरनेच तिला धरून ठेवायचं असतं. काटा चढत होता, म्हणजे रेझिस्टन्स ठीक होता. वाइंडिंगकडचा डायोडही तपासला, तो चांगला निघाला.

मोठा कपॅसिटर रेझिस्टन्स लावून रिकामा केला. त्याशिवाय अशा बोर्डाला हात लावूच नये. मग छोटा काढून मोजला. अंगावर ४७ मायक्रोफॅरड छापलेलं, उरले होते पाचसुद्धा नाहीत. बंद डब्यात, तापणाऱ्या कॉइलशेजारी तो सुकून गेला होता. नवी आयसी टाकली असती तरी तीही तशीच अडली असती.

१०५ अंशांचा नवा कपॅसिटर कॉइलपासून जरा दूर बसवला. सिरीज बल्बवर ही चाचणी मी घेत नाही. बल्बवरच व्होल्टेज पडतं आणि चांगला बोर्डही लुकलुकतो. त्याऐवजी डिमरस्टॅट लावला. २३० वर कपॅसिटरवर ४०० आले. मोटारी सुरू झाल्या की शेतातली लाइन खाली येते, म्हणून १८० वर आणून बोर्ड बंद करून पुन्हा चालू केला. बूस्ट नसता तर २५५ दिसले असते. मीटरवर ४००च होते. तेव्हा कुठे मी डबा बंद केला.